पाणी निजेपर्यंत

दरवर्षी मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात टीव्हीवरची एक बाई हसत हसत सांगते की आजपासून कत्तिरी लागली. हसत हसत! जणू भाचीच्या लग्नाचा मुहूर्त सांगतेय. तिच्या मागे नकाशावर सूर्याचं गोलमटोल चित्र असतं आणि त्यालाही कुणा दीडशहाण्यानं हसरं तोंड काढलेलं असतं. मी सोफ्यावरून उठतो, कमरेवर हात ठेवून टीव्हीसमोर उभा राहतो आणि त्या सूर्याला अस्सल मिरजेच्या मराठीत चार शब्द ऐकवतो. आतून मंजिरी विचारते, "उतरला का तुझा राग माळ्यावरून?"

उतरला. वर्षभर तो माळ्यावर असतो, जुन्या सतरंजीत गुंडाळलेला. कत्तिरी लागली की त्याला शिडी लागत नाही. डॉक्टर म्हणतात, या वयात राग बरा नाही. मी म्हणतो, डॉक्टर, बाकीचे सगळे राग घ्या, गोळ्या द्या, पण हा एक राहू द्या. हा मी जपून ठेवलेला आहे.

चेन्नईत अख्ख्या उन्हाळ्याचं कुणी फारसं नाव काढत नाही, पण मेमधल्या त्या पंचवीस दिवसांना मात्र खास नाव आहे: अग्निनक्षत्र. बोलताना सगळे कत्तिरीच म्हणतात. या दिवसांत डांबर चपलेला चिकटतं, नळाचं पाणी दुपारी चहाइतकं गरम येतं आणि माणसं एकमेकांशी कमीत कमी शब्दांत बोलतात. नळाला पाणी येत असेल तर, असं म्हणायला हवं. मी सांगतोय त्या वर्षी येत नव्हतं.

नव्या शतकाची तीन-चार वर्षं झाली होती. इथला खरा पाऊस ऑक्टोबर-नोव्हेंबरचा. तो लागोपाठ हुकला होता. शहराला पाणी देणाऱ्या तलावांच्या तळाला भेगा पडल्या होत्या आणि तिथं पोरं स्टंप रोवून क्रिकेट खेळत होती. आमच्या वेळचेरीच्या गल्लीत एक दिवसाआड टँकर यायचा. "तण्णी वंदाच्चु!" अशी, म्हणजे पाणी आल्याची, पहिल्या मजल्यावरच्या कामाक्षी मामींची आरोळी उठली, की लाल, हिरव्या, पिवळ्या, निळ्या प्लास्टिकच्या घागरी घेऊन अख्खी गल्ली धावायची. मामी ऐंशीला टेकल्या होत्या, पण रांगेत त्यांच्यापुढे घुसायची कुणाची छाती नव्हती. मी एकदा चुकून घुसलो. मामींनी माझी घागर पायानं बाजूला सरकवली आणि तमिळमध्ये मंजिरीला एवढंच म्हणाल्या, "तुझा नवरा शिकलेला आहे ना?"

घागरी घरात ठेवून, घामानं चिंब होऊन मी स्कूटरला किक मारायचो आणि कामावर जायचो. काम कुठं? तर एका पत्र्याच्या छपराखाली, ऐंशी मीटर लांब, चार मीटर रुंद, माणूस बुडेल इतक्या खोल पाण्याजवळ. काठोकाठ भरलेलं. गार. हिरवट. तलावासारखं पसरलेलं. आणि त्या पाण्याला कुणी हात लावू नये, ते हलू नये, हे पाहायचा पगार मला मिळत होता.

मंजिरी म्हणायची, "तुझ्या टाकीतल्या चार घागरी आण की."

"अगं, सात वर्षांत बदललेलं नाही ते पाणी."

"मला पायपुसणी धुवायची आहेत. त्यांना काय कळतंय?"

ते काम समजावून सांगणं अवघड होतं. मिरजेला गेलो की मावशी विचारायची, "जहाजाच्या पंख्याचं संशोधन म्हणे. मग तो पंखा गार वारा देतो की नाही?" मावशीला समुद्र म्हणजे कॅलेंडरवरचं चित्र. मी सांगायचो, मावशी, जहाजाच्या मागे पाण्यात एक पंखा फिरतो, त्याच्या जोरावर जहाज पुढे जातं. आम्ही तसाच एक छोटा पंखा करतो, ताटलीएवढा, पितळेचा. एका लांब टाकीत, रुळांवरच्या गाडीला बांधून तो फिरवत फिरवत ओढतो. आणि त्याच्यामागचं पाणी कसं पळतं, कसं घुसळतं, ते मोजतो. मावशी विचार करून म्हणायची, "म्हणजे ताक."

मावशी, तू आमच्या साहेबांपेक्षा हुशार होतीस. ताकच ते. रवीमागे ताक जसं भोवऱ्यात फिरतं, तुटतं, पुन्हा जुळतं, तसं पंख्यामागचं पाणी. ते मोजायला लेझर होता. दोन हिरवे किरण पाण्यात एका ठिकाणी एकमेकांना छेदायचे, तांदळाच्या दाण्याएवढ्या जागेत. पाण्यातला धुळीचा कण त्या जागेतून गेला की लुकलुकायचा, आणि त्या लुकलुकण्यावरून संगणक त्याचा वेग सांगायचा. असे हजारो कण. सगळ्यांच्या वेगाची सरासरी काढली की पाणी किती जोरात जातंय ते कळतं. आणि प्रत्येक कण त्या सरासरीपासून किती भरकटला, ते पाहिलं की पाण्याची खळबळ कळते. पुस्तकात तिला प्रक्षुब्धता म्हणतात. आम्ही खळबळच म्हणायचो. पंखा चांगला की वाईट, जहाज थरथरेल की नाही, याचं बरंचसं गुपित त्या खळबळीत असतं.

आता अडचण अशी, की गाडी एकदा पळाली की टाकीतलं सगळंच पाणी ढवळलं जातं. ते शांत व्हायच्या आत पुन्हा गाडी सोडली, तर लेझरला जी खळबळ दिसेल ती या खेपेची की मागच्या खेपेची? म्हणून थांबायचं. दोन खेपांच्या मध्ये नुसतं थांबायचं. आणि किती थांबायचं, हे जगात एकाच माणसाला कळत होतं.

रंगनाथ राव. आमचे तंत्रज्ञ. तीस वर्षांची नोकरी त्या टाकीच्या काठावर गेलेली, आणि त्या मेच्या अखेरीला निवृत्त होणार. सडपातळ, काळेसावळे, कपाळावर उभं नाम, पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट. मी पहिल्या दिवशी त्यांच्याशी इंग्रजीत बोलायला गेलो तर म्हणाले, "आपण मराठे ना, सार? मग आम्हांस परके कां मानतां?" मी उडालोच. तंजावरकडचे मराठी, शेकडो वर्षांपूर्वी त्यांचे पूर्वज दक्षिणेत आले, आणि येताना आणलेली भाषा घरातल्या घरात वापरत राहिले. तमिळ चालीवर डुलणारी, मधूनच "अय्यो" म्हणणारी, पण माझ्या पणजोबांनाही जुनी वाटली असती अशी ती मराठी. माझं बोलणं ऐकून त्यांना कीव यायची. "सार, एका वाक्यांत चार इंग्रजी शब्द. आणि मी मद्राशी?"

राव घड्याळ पाहायचे नाहीत. त्यांच्याकडे एक औषधाची बाटली असायची, तिच्यात बिटाचा रस. घरून आणायचे. पंख्याच्या उंचीला पाण्यात उतरलेली एक काचेची बारीक नळी होती, तिच्यातून ते एक थेंब सोडायचे आणि वाकून पाहत राहायचे. थेंबाची लाल रेघ खाली उतरायची. ती वाकडी झाली, फाटली, धूर झाली, की राव मान हलवायचे. "पाणी अजून निजलें नाहीं." पुन्हा थांबायचं. दहा मिनिटांनी दुसरा थेंब. आणि कधीतरी ती रेघ सुतासारखी सरळ खाली लोंबायची, जराही न हलता. तेव्हा ते हळूच, झोपलेल्या पोराजवळून उठावं तसे सरळ व्हायचे आणि कुजबुजायचे, "निजलें. सोडा गाडी."

कधी पंचवीस मिनिटं, कधी चाळीस. पाण्याच्या मर्जीवर.

त्या चाळीस मिनिटांत काय काय घडायचं! वर पत्रा तापून कडकडायचा. खाली पाण्यावरून गारवा यायचा. आम्ही दोघं काठावर स्टुलं टाकून बसायचो आणि राव बोलायचे. त्यांच्या आईच्या आंबट वरणाविषयी, ज्याला सांबार असं नाव देऊन इथले लोक हक्क सांगतात म्हणून ते चिडायचे. एकदा एक पाहुणे शास्त्रज्ञ टाकीत पडले आणि बाहेर येताच त्यांनी पहिला प्रश्न विचारला की आता किती वेळ थांबावं लागेल, ते. त्यांच्या मुलीनं मराठीत बोलणं सोडलं, ते. "ती मला डॅडी म्हणते, सार. मी ओ देत नाहीं. मग अप्पा म्हणते. मग देतों." मी त्यांना मिरजेच्या सतारींच्या, मावशीच्या, खोट्यानाट्या गोष्टी सांगायचो. खोट्या कुठल्या ते त्यांना बरोबर कळायचं. "ही दुसरी खरी. पहिली तुम्ही वाढविलीत." माझ्या आयुष्यातल्या सगळ्यांत चांगल्या गप्पा मी त्या पाण्याला झोप लागावी म्हणून मारल्या आहेत.

आणि मग गुळगुळीत सर आले.

त्यांचं खरं नाव मी सांगणार नाही. त्यांना आता नातवंडं आहेत. प्रयोगशाळेचे प्रमुख म्हणून नवे आलेले. केस गुळगुळीत, बोलणं गुळगुळीत, आणि आलेखातली रेषा गुळगुळीत नसली की त्यांना पित्त व्हायचं. ते इंग्रजीत बोलायचे. मी इथं मराठीत देतोय, म्हणजे ते जरा जास्तच चांगले वाटतील. त्याला इलाज नाही. एका जहाजबांधणी कारखान्याचं काम होतं, मेअखेर अहवाल द्यायचा होता. सरांनी टाकीकाठी येऊन पाहिलं तर दोन माणसं स्टुलावर बसून हसतायत.

"काय चाललंय?"

"पाणी स्थिर व्हायची वाट पाहतोय, सर."

"दिवसाला किती खेपा होतात?"

"दहा-बारा."

सरांनी पाण्याकडे पाहिलं. वरून ते आरशासारखंच दिसत होतं. "हे स्थिरच आहे की."

राव उठून उभे राहिले. त्यांनी बाटली उचलली, एक थेंब सोडला. रेघ खाली गेली आणि फाटली. "पाहिलंत, सार? वरून निजल्यासारखें दिसतें. खालीं जागें आहे." मी त्याचं इंग्रजी केलं.

सर बाटलीकडे पाहत राहिले. "हे काय आहे?"

"बीटरूट, सर."

मला वाटतं, त्या क्षणीच रावांचं भवितव्य ठरलं. लेझर परदेशातून आणलेला आणि पाण्याचा निकाल लावणार भाजीचा रस! सर हसले, गुळगुळीत हसले. "यापुढे दोन खेपांमध्ये आठ मिनिटं. बजर लावा." आणि गेले.

आठ मिनिटं! अंडंसुद्धा नीट उकडून होत नाही, एवढा वेळ ऐंशी मीटर पाण्याला! मी सरांच्या मागे गेलो नाही. हे लिहून ठेवतो. मी त्या वेळी तिशीचा, दोन वर्षांच्या परिवीक्षेवर, कायम होण्याचा कागद सरांच्या टेबलावर. मी बाजारातून बजर आणला.

 आठ मिनिटांनी बजर वाजला की राव प्रत्येक वेळी म्हणायचे, "निजलें नाहीं." आणि मी म्हणायचो, "सोडा गाडी." दिवसाला दहाच्या जागी तीस खेपा होऊ लागल्या. गप्पा बंद. आठ मिनिटांत काय गप्पा होणार? माणूस गोष्टीला सुरुवात करतो न करतो तोच घणघणाट.

परवा माझी लेक जेवताना सांगत होती. ती सिरुसेरीला एका सॉफ्टवेअर कंपनीत असते. "बाबा, आता हे सगळं संगणकात होतं. पाणीच लागत नाही. थांबावंही लागत नाही." मी विचारलं, "मग चहा कधी पिता?" ती म्हणाली, "काम करता करता." मला इतका राग आला की मी दुसऱ्यांदा भात घेतला. तिच्यावर नव्हे. न थांबण्याला जे हुशारी समजतात त्या सगळ्यांवर. आणि सरासरीवर. सरासरी ही मला जगातली सगळ्यांत सभ्य थाप वाटते. आमच्या गल्लीत एक दिवस टँकर यायचा, एक दिवस नाही. सरासरीनं रोज अर्धा टँकर यायचा. त्या अर्ध्या टँकरनं कुणाचं डोकंसुद्धा भिजलं नाही.

तर आकडे आले. आणि आकडे विचित्र होते. सकाळी पंख्यामागची खळबळ कमी, दुपारी जास्त, दुपार सरताना आणखी जास्त. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा उतरलेली. सोमवारी सकाळी तर सगळ्यांत कमी. पंखा तोच, वेग तोच. पितळेच्या पंख्याला वार कळत नाहीत. पाण्याला कळतात. रात्रभर आणि रविवारभर ते झोपत होतं, आणि दिवसभर आम्ही त्याला दर आठ मिनिटांनी गदागदा हलवून उठवत होतो.

कारखान्याच्या लोकांनी पत्र पाठवलं: दुपारचे आकडे असे का? सरांनी दोन दिवसांत उत्तर दिलं. दुपारच्या वेळी तंत्रज्ञाच्या निष्काळजीपणामुळे लेझरची मांडणी ढळली. संबंधितास समज देण्यात येत आहे. आणि खरोखर एक कागद रावांच्या नावे निघाला. निवृत्तीला अकरा दिवस उरलेले. तीस वर्षांच्या फाइलमध्ये एकही वाकडा शब्द नसलेल्या माणसाला लिहिलं होतं, की तुम्ही दुपारी कामावर डुलक्या घेता असं निदर्शनास आलं आहे.

डुलक्या! राव! ज्या माणसानं आयुष्यभर फक्त पाण्याला झोपू दिलं!

आता मात्र मी सरांच्या खोलीत गेलो. दार न वाजवता. खोलीत वातानुकूलन, टेबलावर ताडगोळ्यांची वाटी. मी म्हणालो, "सर, लेझरचा काही दोष नाही. पाणी स्थिर नव्हतं. आठ मिनिटांत होत नाही."

सरांनी शांतपणे खण उघडला, आमची नोंदवही काढली आणि माझ्यासमोर ठेवली. "हे कुणाचं अक्षर?"

माझं. प्रत्येक खेपेची एक ओळ. खेपेचा क्रमांक, गाडीचा वेग, पंख्याचे फेरे, लेझरची जागा. आणि एक रकाना: पाण्याची स्थिती. पानाच्या पहिल्या ओळीत मी लिहिलं होतं 'पूर्ण स्थिर'. आणि खाली, शेवटपर्यंत, दोन-दोन छोट्या रेघा. डिट्टो. डिट्टो. डिट्टो. पुढचं पान: 'पूर्ण स्थिर', डिट्टो, डिट्टो. गेली दोन वर्षं मी तो रकाना असाच भरत होतो, कारण राव असताना पाणी पूर्ण स्थिरच असायचं. बजर आला, आठ मिनिटं आली, आणि माझा हात आपला रेघा ओढत राहिला. मी खोटं लिहिलं नव्हतं. मी काहीच लिहिलं नव्हतं. मी नुसत्या रेघा ओढल्या होत्या. आणि त्या रेघा शपथेवर सांगत होत्या की पाणी शांत होतं, म्हणजे दोष रावांचा.

सरांनी एक ताडगोळा तोंडात टाकला. "तीन आठवडे तू खोटी नोंद केलीस, असं तुला लिहून द्यायचं आहे का? तुझा कायम करण्याचा कागद इथंच आहे. सांग."

मी म्हणालो, "नाही, सर."

हे वाक्य मी वीस वर्षांत कुठल्याही मैफलीत सांगितलेलं नाही. मैफलीत मी सांगतो ते ताडगोळ्याचं, बिटाच्या रसाचं, आणि सरांच्या केसांचं. लोक पोट धरून हसतात.

तीन दिवस मी रावांच्या नजरेला नजर दिली नाही. चौथ्या दिवशी जेवणानंतर मी लेझरच्या खोलीत बसलो होतो. राव आत आले. त्यांच्या हातात ती नोंदवही. त्यांनी ती संगणकासमोर उघडून ठेवली आणि एका रेघेवर बोट ठेवलं.

"हें काय?"

"डिट्टो."

"कशाचें डिट्टो?"

"वरच्या ओळीचं. 'पूर्ण स्थिर'चं."

"पाणी निजलें होतें?"

"नाही."

"मी सांगितलें होतें?"

"प्रत्येक वेळी."

मी मनात वाट पाहत होतो की आता ते म्हणतील, जाऊ द्या सार, माझी नोकरी संपली, तुमची सुरू व्हायची आहे, पोटापाण्याचा प्रश्न आहे. म्हातारी माणसं म्हणतात असं. मी तर डोळ्यांत पाणी आणायच्या तयारीत होतो. राव म्हणाले, "बसा नीट. लिहा."

"काय?"

"खरें. संगणक प्रत्येक खेपेची वेळ ठेवतो ना? काढा ती. एका खेपेंतून दुसरी वजा करा. किती मिनिटें थांबलांत, तें लिहा."

छपाईयंत्रानं करकर करत वेळांची लांबलचक पट्टी ओकली. मी नवा कागद घेतला. आठ मिनिटं. पुढची ओळ. माझा हात सवयीनं दोन रेघा ओढायला गेला आणि मागून आवाज आला, "रेघ नको. अक्षरांत."

आठ मिनिटे. आठ मिनिटे. नऊ मिनिटे. आठ मिनिटे. प्रत्येक ओळीपुढे, 'पाणी स्थिर नव्हते'. प्रत्येक ओळीपुढे माझी सही. तीन आठवड्यांच्या साडेचारशेच्या वर खेपा. दोन दुपारी लागल्या. राव पूर्ण वेळ पाठीमागे उभे होते. मी स्टूल पुढे केलं तर बसले नाहीत. एकदा बोटं आखडली म्हणून मी पेन खाली ठेवलं. ते म्हणाले, "मला बोटें दुखण्याचें सांगूं नका." इतक्या रागीट आवाजात त्या माणसाला मी कधी ऐकलं नव्हतं. आणि तो राग इतका साफ होता, की तेवढ्यापुरतं मला स्वतःची लाज वाटायचंसुद्धा राहून गेलं.

शेवटी एक अर्ज: वरील नोंदी मी चुकीच्या केल्या होत्या, तंत्रज्ञांनी प्रत्येक वेळी तोंडी इशारा दिला होता. तो मी सरांच्या आणि त्यांच्या वरच्या साहेबांच्या, दोघांच्याही टेबलावर ठेवला. दोन टेबलांवर ठेवायची कल्पना रावांची.

घरी मंजिरीला सगळं सांगितलं. वाटलं, ती म्हणेल, शाबास. ती घागरीवर झाकण ठेवत होती. म्हणाली, "तीन दिवस? तीन दिवस कशाला लागले?"

रावांच्या नावाचा कागद फाइलमधून काढला गेला. 'गैरसमजातून' असा एका ओळीचा शेरा, बस्स. माझं कायम होणं एक वर्ष पुढे ढकललं गेलं, ते ठीकच झालं. आणि सरांचं? काही नाही! अहवालातून दुपारचे सगळे आकडे 'सदोष' म्हणून वगळले, उरलेल्यांची सरासरी काढली, रेषा गुळगुळीत झाली, अहवाल वेळेत गेला आणि दोन वर्षांनी सर मोठ्या खुर्चीवर गेले. त्या पंख्याची खरी खळबळ किती, हे कारखान्याला कळलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. माझा राग आहे तो इथं आहे. माझ्यावर आहे तेवढाच इथंही आहे. वाटून कमी होत नाही तो.

निरोपसमारंभ झाला. शाल, चंदनाचा हार, भिंतीवरचं घड्याळ. ज्यानं आयुष्यात घड्याळाला विचारलं नाही त्याला घड्याळ. गुळगुळीत सरांनी भाषण केलं की राव हे प्रयोगशाळेचा कणा आहेत. राव तमिळमध्ये दोन वाक्यं बोलले आणि बसले.

संध्याकाळी मी त्यांच्यासोबत बसथांब्यापर्यंत चाललो. घड्याळाचं खोकं माझ्या हातात. मला राहवलं नाही. "राव, माझ्यावर रागावलात?"

आमच्याकडचा माणूस म्हणाला असता, छे हो, राग कसला. राव म्हणाले, "होय."

बस आली. ते चढले, मी खिडकीतून खोकं आत दिलं. ते मांडीवर घेऊन त्यांनी विचारलं, "टाकीच्या हॉलची किल्ली कोणाकडे असते आतां?"

"माझ्याकडे."

"रविवारीं सकाळीं नऊ वाजतां येईन. शनिवार दुपारपासून गाडी हलवूं नका."

ते खरोखर आले. निवृत्त माणूस, रविवार, कत्तिरी सरली तरी ऊन तेच. मी दार उघडलं. त्यांनी लेझर लावला, मी पंखा. दुपारच्या ज्या जागेचे आकडे सगळ्यांत जास्त भरकटले होते, तीच जागा त्यांनी निवडली. पहिली खेप. मग थांबणं. स्टुलं तशीच काठावर होती. राव एकावर बसले, मी दुसऱ्यावर. मी मावशीची एक गोष्ट काढली. नवी होती, खरी होती. ते पाण्याकडेच पाहत राहिले. मी गोष्ट अर्ध्यावरच सोडली.

सहा खेपा. मध्ये पाच वेळा थांबणं, कधी तीस मिनिटं, कधी चाळीसच्या वर. त्या सगळ्या वेळात ते माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. "सोडा" तेवढं म्हणायचे, तेही गाडीला उद्देशून. पत्रा तापत गेला. पाणी हिरवं, गार, थंडपणे झोपत गेलं.

सहाही आकडे एकमेकांशी जुळले, सकाळचे आणि दुपारचे. मी ते कागदावर काढून दिले. रावांनी चष्मा लावला, एकेक आकडा बोटानं मोजत वाचला, शेवटचा दोनदा. मग कागदाची चार घड्या घालून तो शर्टाच्या खिशात ठेवला, आणि चपला पायात सरकवून, माझ्याकडे न बघता, उन्हात निघून गेले.